राज्याचे विकास नियोजन आणि आपल्या गावाचे आकडे



हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे ठिकाण प्रवाशांना तेथील खिचडीमुळे माहीत आहे. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूरमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आणि नागपूरहून यवतमाळ, महागाव, उमरखेड, हदगावमार्गे तुळजापूरकडे जाणारा महामार्ग क्रमांक ३६१ हे दोन्ही येथे एकत्र येतात. फाट्याजवळच तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. परिसरात हळद, केळी, सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा ही पिके आहेत. रस्ते चांगले झाले, वाहने वाढली. तरीही राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाचा तक्ता पाहिला तर हिंगोली जिल्ह्याचे नाव तळाच्या जिल्ह्यांत आढळते.

असे का होते? एखादा जिल्हा मागे आहे हे शासन कसे ठरवते? त्याच्या वाट्याचा निधी कोणत्या हिशेबाने येतो? आणि त्या हिशेबात शेतकऱ्याचा काही हात असतो का? या प्रश्नांची माहिती प्रत्येक जाणत्या शेतकऱ्यास असणे आवश्यक आहे. बियाणे व खत यांची निवड आपण माहितीच्या आधारे करतो, त्याचप्रमाणे शासनही पैशाची वाटणी माहितीच्या आधारे करते. ती माहिती बरीचशी आपल्याच बांधावरून गोळा होते.

नियोजनाआधी पाहणी

पेरणीपूर्वी आपण जमिनीचा मगदूर पाहतो, मातीचे परीक्षण करतो आणि विहिरीत पाणी किती हे तपासतो. राज्याचे नियोजनही याच क्रमाने चालते. प्रथम स्थितीची पाहणी, नंतर उणिवांचे मोजमाप, त्यानंतर निधीची वाटणी आणि शेवटी झालेल्या कामाची तपासणी. यांपैकी पहिली पायरी कच्ची राहिली तर पुढील सर्व पायऱ्या चुकतात.

महाराष्ट्रात पाहणीचे काम प्रामुख्याने अर्थ व सांख्यिकी संचालनालय करते. संचालनालयामार्फत दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' विधिमंडळात सादर होते. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा सांख्यिकी कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' तयार करते. त्यात तालुकावार पेरणीक्षेत्र, सिंचन, पशुधन, शाळा, दवाखाने, रस्ते, बँका यांची माहिती असते. ही पुस्तिका वाचनीय असून सामान्य शेतकऱ्यास समजेल अशी असते.

या पुस्तिकांतील शेतीविषयक आकडे खालील मार्गांनी येतात.

१) गाव नमुना नंबर बारा : तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) यांच्याकडील पिकांची नोंदवही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. त्यामुळे शेतकऱ्यास स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पिकाच्या छायाचित्रासह नोंद करता येते.

२) पीक कापणी प्रयोग : निवडलेल्या गावातील निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पिकाची कापणी, मळणी व वजन करतात. त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढले जाते.

३) कृषी गणना : दर पाच वर्षांनी खातेदारांची संख्या व धारणक्षेत्र मोजले जाते. १९७०-७१ साली राज्यात खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर एवढीच उरली.

४) पशुगणना : हीसुद्धा पंचवार्षिक असते. जनावरांच्या दवाखान्यांची गरज तीवरून ठरते.

५) जनगणना : दरडोई कोणतीही बाब काढावयाची तर भागाकारासाठी लोकसंख्या लागते. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे त्यानंतरचे दरडोई आकडे अंदाजित लोकसंख्येवर काढावे लागले. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक शासनाने जाहीर केला आहे.

जिल्ह्याचे शेती उत्पन्न काढण्याची रीत समजण्यास सोपी आहे. पिकाखालील क्षेत्रास हेक्टरी उत्पन्नाने गुणावयाचे, आलेल्या उत्पादनास भावाने गुणावयाचे आणि त्यातून बियाणे, खते, औषधे इत्यादींचा खर्च वजा करावयाचा. म्हणजे क्षेत्राचा आकडा चुकला की उत्पादन चुकते आणि उत्पादन चुकले की जिल्ह्याचे उत्पन्न चुकते.

अनुशेषाचा प्रश्न कसा उभा राहिला?

मराठवाडा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. १९५३ साली झालेल्या नागपूर करारात मराठवाडा व विदर्भ यांच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे ठरले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) मध्ये विकास मंडळांची तरतूद करण्यात आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

भागवार विचार करून काही कामे झाली. शेती शिक्षण व संशोधनाकरिता राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) आणि दापोली (१९७२) अशी चार विद्यापीठे चार भागांत निघाली. परंतु सिंचन, रस्ते, वीज यांत अंतर वाढतच गेले अशी लोकांची भावना होती. भावनेला मोजमापाची जोड मिळावी म्हणून राज्य शासनाने १९८३ मध्ये ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला.

समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास व मृद-जलसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे तपासली. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यापैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी म्हणजे २३.५ टक्क्यांहून थोडा अधिक होता.

पुढे राष्ट्रपतींच्या १९९४ च्या आदेशान्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्याकरिता तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. १९९५ मध्ये निर्देशांक व अनुशेष समिती नेमण्यात आली. या समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती धरून मोजमाप केले. त्यानुसार अनुशेष पुढीलप्रमाणे ठरला.

विदर्भ : सुमारे ६,६२४ कोटी रुपये
मराठवाडा : सुमारे ४,००५ कोटी रुपये
उर्वरित महाराष्ट्र : सुमारे ३,३७८ कोटी रुपये
एकूण : सुमारे १४,००७ कोटी रुपये

मराठवाड्याचा हिस्सा येथे २८.६ टक्के झाला. दहा वर्षांत रुपयांतील आकडा वाढण्याचे एक कारण महागाई हे आहे. एक किलोमीटर रस्त्यास किंवा एक हेक्टर सिंचनास १९८४ मध्ये लागणारा पैसा १९९४ मध्ये पुरत नाही. परंतु हिस्सा वाढण्याचे कारण महागाई नव्हे, कारण महागाई सर्वांनाच सारखी असते. हिस्सा वाढला याचा अर्थ इतर भागांच्या तुलनेत मराठवाड्याची उणीव जास्त वेगाने वाढली. आकडे वाचताना रक्कम आणि हिस्सा या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्यात, हा धडा यातून घ्यावा.

अनुशेष मोजण्याची रीत

रीत समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा, राज्यात लागवडीखालील दर १०० हेक्टरपैकी सरासरी ३० हेक्टरला सिंचनाची सोय आहे. एका जिल्ह्यात ती २० हेक्टरला आहे. म्हणजे दर १०० हेक्टरमागे १० हेक्टरची तूट. जिल्ह्याचे लागवडीचे क्षेत्र ४ लाख हेक्टर असेल तर एकूण तूट ४० हजार हेक्टर होते. यास भौतिक अनुशेष म्हणतात. एक हेक्टर सिंचनक्षमता निर्माण करण्यास समजा १ लाख रुपये लागतात, तर ४०० कोटी रुपये हा आर्थिक अनुशेष झाला.

जे जिल्हे सरासरीच्या वर आहेत त्यांचा अनुशेष शून्य धरतात. त्यांच्याकडून काही काढून घेतले जात नाही. सरासरीखालील जिल्ह्यांना वर आणण्यासाठी जादा निधी द्यावा, असा विचार यामागे आहे.

ही रीत सरळ व उघड असल्याने लोकांना पटली. परंतु तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा म्हणजे पैसा खर्ची पडला म्हणजे काम झाले असे नव्हे. भूसंपादन रखडले, वनजमिनीची परवानगी अडली किंवा कामाची किंमत वाढली तर रक्कम संपते आणि हेक्टर मात्र उरतात. अमरावती विभागात सिंचनाचा आर्थिक अनुशेष दूर झाला असे कागदावर म्हणता आले, तरी भौतिक अनुशेष शिल्लक राहिला होता. म्हणून किती कोटी खर्च झाले या प्रश्नाबरोबर किती हेक्टर भिजले हा प्रश्न विचारावा.

दुसरी मर्यादा तारखेची. १ एप्रिल १९९४ नंतर जे अंतर पडले ते त्या दिवशीच्या मोजमापात येऊ शकत नाही.

तिसरी मर्यादा सरासरीची, आणि ती हिंगोलीकरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. म्हणजे १९८४ व १९९४ च्या दोन्ही मोजमापांच्या वेळी तो स्वतंत्र जिल्हा नव्हता. मूळ परभणी जिल्ह्याच्या सरासरीत कालव्याखालील बागायती पट्टा आणि डोंगराळ, कोरडवाहू पट्टा हे दोन्ही एकत्र मोजले गेले. आजही जिल्ह्याचे चित्र तसेच मिश्र आहे. पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी व सिद्धेश्वर धरणांचा लाभ वसमतच्या बाजूला आहे. कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवरील इसापूर धरण आहे. सेनगाव व औंढा नागनाथ तालुक्यांतील बरीच गावे मात्र पावसावर अवलंबून आहेत. एका पायाला ऊन पाणी व दुसऱ्याला थंड पाणी लावून सरासरी कोमट काढली, तरी दोन्ही पायांचे दुखणे तसेच राहते. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी पाहून थांबू नये. तालुका, मंडळ व गाव येथपर्यंत आकडे पाहावेत.

अनुशेषाकडून मानव विकासाकडे

केवळ रस्ते व धरणे मोजून माणसाची स्थिती कळत नाही. म्हणून २००२ मध्ये महाराष्ट्राचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात उत्पन्नाबरोबर शिक्षण व आरोग्य यांचा विचार करून जिल्ह्यांची क्रमवारी लावण्यात आली. मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू झाले. पुढे २०११ मध्ये त्याचा विस्तार २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांपर्यंत करण्यात आला. शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी सायकली व बसगाड्या ही या मिशनची ग्रामीण भागात सर्वांना दिसणारी कामे होत. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी पुढे घरच्या शेतीचे हिशेब ठेवते, हा लाभ धरणाच्या हेक्टरमध्ये मोजता येत नाही.

२०११ मध्ये राज्य शासनाने डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल प्रादेशिक विकासाविषयी उच्चस्तरीय समिती नेमली. तिने २०१३ मध्ये अहवाल दिला. केवळ जुना अनुशेष भरून काढण्याऐवजी विकासातील अंतर कमी करण्यावर व पाण्याच्या प्रश्नावर या समितीने भर दिला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा स्थापन करावीत अशी शिफारस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला.

केंद्रातील नियोजन आयोगाच्या जागी २०१५ मध्ये नीती आयोग आला. राज्यानेही २०२२ मध्ये त्या धर्तीवर 'मित्रा' ही संस्था स्थापन केली आणि त्यानंतर जिल्हानिहाय विकास आराखडे करण्यास सांगितले. संस्थांची नावे बदलली तरी नियोजनाचे मूळ काम तेच आहे : कोठे आहोत हे मोजणे, कोठे जावयाचे हे ठरवणे आणि वाट्याला आलेला पैसा त्या दिशेने लावणे.

जिल्ह्याचा वार्षिक आराखडा

शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचे नियोजन म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरील नियोजनाची सुरुवात १९७० च्या दशकातच झाली. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याने १९९८ मध्ये जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा केला. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांना समितीत मोठे स्थान असते.

योजनेचे तीन भाग असतात : सर्वसाधारण योजना, अनुसूचित जातींसाठीची योजना आणि आदिवासी क्षेत्राची योजना. कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने या तालुक्यातील आदिवासी शेतकऱ्यांनी तेथील योजनांचीही माहिती घ्यावी.

आराखड्याचा वर्षभराचा क्रम साधारणपणे असा असतो. पावसाळ्याच्या अखेरीस व त्यानंतर प्रत्येक खाते आपले प्रस्ताव तयार करते. हिवाळ्यात जिल्हा नियोजन समिती त्यावर विचार करते. त्यानंतर राज्यस्तरीय बैठकीत जिल्ह्याची रक्कम ठरते. मार्चमध्ये अर्थसंकल्प होतो व एप्रिलपासून नवे वर्ष सुरू होते. बहुतेक गावे मागणीचे निवेदन घेऊन निघतात ती एप्रिल-मेमध्ये, पाणीटंचाई जाणवू लागल्यावर. तोपर्यंत त्या वर्षाचा आराखडा ठरून गेलेला असतो. मृग निघून गेल्यावर पेरलेल्या मुगासारखी त्या निवेदनाची गत होते. म्हणून मागणीचा ठराव दिवाळीपूर्वी खात्याकडे पोहोचला पाहिजे.

मागणी योग्य दारी नेणे हेही महत्त्वाचे आहे. ग्रामीण रस्ते व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाचा निधी केंद्राकडून येतो. फाट्यावरील महामार्गासाठी जिल्हा नियोजन समितीकडे आणि पाणंद रस्त्यासाठी खासदारांकडे, असे निवेदन गेले तर दोन्ही फिरत राहतात.

वारंगा फाट्याचे उदाहरण

दोन राष्ट्रीय महामार्गांचा सांधा म्हणजे विकास, असे वरवर वाटते. परंतु रस्ता हा कालव्यासारखा असतो. कालवा शेताजवळून गेला म्हणजे शेत भिजत नाही, त्याला चारी काढावी लागते. रस्त्यावरून माल जातो. तो माल येथे उतरला, निवडला, वाळवला, दळला, भरला, तर पैसा येथे राहतो. अन्यथा चहा, खिचडी व टायर दुरुस्ती एवढ्यापुरताच पैसा थांबतो.

या भागातील हळदीचा विचार करा. हिंगोली व वसमत येथे हळदीच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रास राज्याने मंजुरी दिली. केंद्राने राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन केले, त्याचे मुख्यालय तेलंगणातील निजामाबाद येथे असून जानेवारी २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. असे निर्णय घेताना शासन सर्वप्रथम या पिकाचे क्षेत्र किती, उत्पादन किती व बाजारात आवक किती हे विचारते.

येथे नोंदीचा प्रश्न येतो. हळद मे-जूनमध्ये लावतात व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. सुमारे नऊ महिने ती शेतात असते. मागील वर्षाच्या सोयाबीनची नोंद तशीच राहिली किंवा खरिपाची पाहणी करावयाची राहून गेली, तर ते क्षेत्र हळदीच्या बेरजेत येत नाही. शंभर शेतकऱ्यांची प्रत्येकी एक एकर हळद अशी सुटली तर चाळीस हेक्टर हळद राज्याच्या हिशेबातून नाहीशी होते. त्या चाळीस हेक्टरसाठी गोदाम, वाळवणीचा ओटा, शिजवणीचे यंत्र किंवा प्रक्रिया केंद्र यांची गरज कागदावर दिसणार नाही. त्याचबरोबर अतिवृष्टीचे अनुदान व बँकेचे पीककर्ज या वेळीही अडचण येते.

पीक कापणी प्रयोग : सात वर्षांची पुंजी

सन १९७६ मध्ये प्रा. दांडेकरांनीच पीक विम्यासंबंधी असा विचार मांडला होता की प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजण्याऐवजी एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजून त्या क्षेत्रातील सर्वांना सारखी भरपाई द्यावी. १९७९ चा प्रायोगिक विमा व १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. २०२५ च्या खरिपासाठी महाराष्ट्राने विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांतील उत्पन्नावर आधारली. त्यामुळे या प्रयोगांना मोठे महत्त्व आले.

पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पन्न काढताना मागील सात वर्षांपैकी चांगली पाच वर्षे घेतात. त्या पाच वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणतात. समजा, एका महसूल मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत १६, १४, ९, १५, १७, ७ व १३ क्विंटल आले. चांगली पाच वर्षे १७, १६, १५, १४ व १३ यांची सरासरी १५ क्विंटल. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा उत्पन्न १०.५ क्विंटल.

यंदा पाऊस खंडित झाला व ८.४ क्विंटल उत्पन्न आले. तूट २.१ क्विंटल म्हणजे २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये धरल्यास भरपाई १० हजार रुपये.

आता समजा, चांगल्या वर्षांतही भरपाईच्या आशेने गावकऱ्यांनी विरळ पिकाचा तुकडा पुढे केला व उत्पन्न दर वर्षी २ क्विंटलने कमी नोंदले गेले. चांगल्या पाच वर्षांची सरासरी १३ होते व उंबरठा ९.१ वर येतो. यंदाचे खरे उत्पन्न तेच, ८.४ क्विंटल. तूट केवळ ०.७ क्विंटल म्हणजे ७.७ टक्के. भरपाई सुमारे ३,८५० रुपये. म्हणजे चांगल्या वर्षी केलेली लबाडी वाईट वर्षी हेक्टरी सहा हजारांहून अधिक रुपयांना पडली. आणि ती एकट्याला नव्हे, तर मंडळातील प्रत्येक शेतकऱ्याला.

क्षेत्राबाबतही असेच आहे. प्रत्यक्ष पेरणीपेक्षा जास्त क्षेत्राचा विमा उतरवला गेल्याचे आढळल्यास भरपाई त्या प्रमाणात घटवण्याची तरतूद विमा योजनेत आहे. न पेरलेल्या जमिनीचा विमा काढणारा शेजाऱ्याच्या ताटातील भाकरी कमी करतो.

काहींचा असा समज असतो की सिंचन कमी दाखवले म्हणजे अनुशेष वाढेल व निधी जास्त येईल. हा समज घातक आहे. बागायती क्षेत्राची नोंद जिरायती राहिली तर आपत्तीच्या वेळी मदतही जिरायतीच्या दराने मिळते. पीककर्जाची मर्यादाही त्याप्रमाणे ठरते. खरी तूट असेल तर ती खऱ्या आकड्यांतूनच सिद्ध होते.

दुष्काळ ठरवण्यातही आकड्यांचा संबंध आहे. पूर्वी मुख्यतः पैसेवारीवर भिस्त असे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पर्जन्यमान, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ, जमिनीतील ओल, पेरणीचे क्षेत्र यांचाही विचार होऊ लागला. त्यामुळे मंडळातील पर्जन्यमापक यंत्र चालू आहे की नाही याकडे गावाचे लक्ष असावे.

गावाने काय करावे?

१) खरीप, रब्बी व उन्हाळी या प्रत्येक हंगामात मुदतीत ई-पीक पाहणी करावी. स्वतःला जमत नसेल तर गावातील शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी किंवा पाहणी सहाय्यकाकडून नोंद करून घ्यावी. नंतर सातबारावर नोंद उतरली की नाही हे पाहावे.

२) सोयाबीन-तूर यांसारखे आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांची नोंद त्यांच्या क्षेत्राच्या प्रमाणात करावी. विहीर, कूपनलिका, ठिबक ही सिंचनाची साधने नोंदवावीत. बांधावरील व शेतातील फळझाडांचीही नोंद करावी.

३) आपल्या गावात पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे याची चौकशी करावी. प्रयोगाच्या दिवशी ग्रामस्तरीय समितीच्या सदस्यांनी व शेतकऱ्यांनी हजर राहावे. तुकडा नियमाप्रमाणे आखला जातो का आणि वजन बरोबर होते का ते पाहावे. आपल्या मर्जीचा तुकडा निवडण्याचा आग्रह धरू नये.

४) गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा. पाऊस किती पडला, किती अडला, पिण्यास व जनावरांस किती लागते आणि पिकांस किती उरते, हे ग्रामसभेत फळ्यावर लिहावे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांतील निवडक गावांत असे ताळेबंद करून आराखडे तयार झाले. आपले गाव त्यात असल्यास तो आराखडा ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावा. नसल्यास तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकारी यांचा सल्ला घ्यावा.

५) ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभेस घरातील स्त्री-पुरुष दोघांनीही जावे. २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात गावाने स्वतः आराखडा करावयाचा आहे. वित्त आयोगाच्या निधीतील कामे त्यात नमूद असावी लागतात. हजेरीपत्रकावर सही करून उठून जाण्याने गावाचा आराखडा दोन-तीन माणसांच्या हाती राहतो.

६) मागणीचे निवेदन आकड्यांसह लिहावे. 'रस्ता खराब आहे' एवढेच लिहिण्याऐवजी रस्त्याची लांबी, त्यावरील वस्त्या, खातेदारांची संख्या, हंगामात निघणारा माल आणि पावसाळ्यात वाहतूक किती दिवस बंद असते, हे लिहावे. अधिकाऱ्यास प्रस्ताव करताना हीच माहिती लागते.

७) जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन वाचून आपल्या तालुक्याचे आकडे जिल्ह्याच्या व राज्याच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांकडून असे तक्ते करून घेतल्यास त्यांचाही अभ्यास होईल.

सारांश

राज्याचे नियोजन मुंबईत लिहिले जात असले तरी त्यातील अंक गावात जन्म घेतात. दांडेकर समितीने मराठवाड्याची उणीव मोजली म्हणून तिच्यावर विधिमंडळात बोलता आले. मोजली नसती तर ती केवळ तक्रार राहिली असती. हिंगोलीसारख्या जिल्ह्यास आपली बाजू मांडावयाची असेल तर तालुका व गाव पातळीवरील खरे, पूर्ण व वेळेवर नोंदलेले आकडे हेच त्याचे साधन आहे.

समित्या, मंडळे व योजना येतील आणि जातील. सातबारावरील पीक, कापणी प्रयोगातील वजन व ग्रामसभेतील ठराव या तीन गोष्टी मात्र शेतकऱ्याच्या आटोक्यातील आहेत. येत्या हंगामाची पीक पाहणी सुरू होताच शेतकरी बंधू-भगिनींनी प्रथम स्वतःच्या गटाची नोंद पूर्ण करावी आणि नंतर शेजाऱ्याची झाली का, हेही विचारावे.